पँट शिवणारीने कार्बनचा फॉर्म भरावा का?

पत्र:

«वडगावात आमची भाड्याची शेड आहे. पूर्वी तिथे पॉवरलूम होते, आता बावीस शिलाई मशीन आहेत. आम्ही ट्रॅकपँटचं जॉबवर्क करतो. कापड, इलॅस्टिक, दोरा सगळं पार्टी पाठवते. आम्ही कटिंग, शिलाई, इस्त्री करून माल परत देतो. महिन्याला साधारण ७,००० पँट निघतात. हेस्कॉमचं बिल १,८०० युनिटच्या आसपास येतं, जनरेटरला ४० लिटर डिझेल लागतं. पार्टी बेंगळुरूची आहे, तिच्याकडून माल खेळाचे कपडे विकणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीला जातो. गेल्या महिन्यात पार्टीने एक एक्सेल शीट पाठवली. वीज किती, डिझेल किती, कतरण किती, नग किती, सगळं भरून द्या म्हणाले. सोबत एक पत्र आहे, त्यावर सही हवी आहे: २०२२ च्या तुलनेत २०३० पर्यंत आमचं कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करू. २०२२ ला आमच्याकडे नऊच मशीन होती! धाकटे दीर म्हणतात, अंदाजे आकडे टाकून मोकळं व्हा, कोण बघायलंय तिकडं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते, या कंपन्या नुसतं नाटक करतात, काही देऊ नकोस. नाही दिलं तर काम जाईल ही भीती. आणि शेडवर 'ग्रीन युनिट' असा बोर्ड लावून बायकांचे फोटो काढायचे आहेत म्हणे. काय करू?
एक शिलाईवाली, वडगाव, बेळगाव»

ताई,

फॉर्म भरा, आणि खरा भरा. पत्रावर मात्र आहे तशी सही करू नका. बोर्ड अजिबात नको. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पण घरात दीर आणि मुलगी दोघांनाही उत्तर द्यावं लागणार, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

आधी तुमचाच हिशेब मांडू. त्यासाठी कुठल्या सल्लागाराला पैसे द्यायची गरज नाही. देशात विजेचं एक युनिट तयार होताना सरासरी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करतं. युनिटमागे तो ०.७ किलोच्या आसपास आहे, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. १,८०० युनिट गुणिले ०.७ म्हणजे १,२६० किलो. डिझेलचा एक लिटर जळला की साधारण २.७ किलो, चाळीस लिटरचे १०८. बेरीज १,३६८ किलो. त्याला ७,००० पँटनी भागा. एका पँटमागे १९५ ग्रॅम. झाला तुमच्या शेडचा कार्बन, वहीच्या अर्ध्या पानात.

आता हा आकडा मोठा की लहान? २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी धावायच्या बुटांच्या एका जोडाचा असाच हिशेब केला होता. बुटाचे ६५ सुटे भाग, ३६० टप्पे, आणि सगळं मिळून जोडामागे सुमारे १४ किलो. त्यातला दोनतृतीयांशाहून जास्त वाटा कारखान्यात माल बनवण्याचा होता. वाहतूक किंवा वापरणाऱ्याचं धुणंपुसणं यांचा वाटा त्यापुढे किरकोळ. बुटाचा आकडा कच्च्या मालापासून धरलेला आहे आणि तुमचा फक्त शिलाईचा, हे खरं. मला नेमकं तेच दाखवायचं आहे. पँट तुमच्या शेडमध्ये जन्माला येत नाही. ती येते तेव्हा तिचं बहुतेक जळण जळून गेलेलं असतं.

ट्रॅकपँटचं कापड म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर म्हणजे खनिज तेल. ते वितळवून धागा काढायचा, धाग्याचं निटिंग करायचं, मग रंग. पॉलिस्टरला गडद रंग नीट धरायला दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवलेलं पाणी लागतं. त्यानंतर कापड वाळवायला, ताणून सेट करायला पुन्हा उष्णता. ही उष्णता येते बॉयलरमधून, आणि आशियातल्या बऱ्याच रंगाई गिरण्यांचे बॉयलर आजही कोळशावर चालतात. वडगाव-खासबागेत सुताचा रंग डोळ्यांसमोर झालेला पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. इचलकरंजीला प्रोसेस हाउसच्या बाजूने गेला असाल तर धुराड्यांची उंचीही आठवत असेल. कार्बनचा मोठा ढीग तिथे आहे. तुमच्या ओव्हरलॉक मशीनखाली तो नाही.

मग कंपनी तुम्हाला का विचारते? जगभर हा हिशेब तीन खान्यांत मांडतात. २००१ मध्ये आलेल्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल नावाच्या नियमावलीची ही पद्धत. पहिल्या खान्यात कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, दुसऱ्यात तिने विकत घेतलेली वीज, आणि तिसऱ्यात तिच्यासाठी इतरांनी केलेलं सगळं. नायकी, आदिदास, प्युमा यांच्या मालकीचे कारखाने जवळजवळ नाहीतच. माल दुसऱ्यांच्या कारखान्यांत बनतो. त्यामुळे त्यांचं नव्वद टक्क्यांहून जास्त उत्सर्जन तिसऱ्या खान्यात पडतं. प्युमाने २०१० सालच्या कारभारासाठी पर्यावरणाच्या नुकसानीचं पैशांत ताळेबंद काढलं होतं, असं करणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. नुकसान भरलं साडेचौदा कोटी युरो. त्यात कंपनीच्या स्वतःच्या कचेऱ्या, दुकानं, गोदामं यांचा वाटा फक्त ६ टक्के. निम्म्याहून जास्त नुकसान कातडं, कापूस, रबर असा कच्चा माल तयार होतानाच झालेलं होतं. आयुष्यभर लोकांची खाती लिहिलेल्या मला हे ताळेबंद फार आवडतं, कारण त्यात कुठलं घोषवाक्य नव्हतं, सरळ आकडे होते आणि ते कंपनीला सोयीचे नव्हते.

म्हणून 'आमची कार्यालयं शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर चालतात' असं कुठल्या कंपनीने छापलं तर पहिल्या दोन खान्यांची गोष्ट चालली आहे हे ओळखावं. चांगलं आहे, पण तो सहा टक्क्यांच्या बाजूचा कारभार.

तुमच्या पत्रातला ३० टक्के हा आकडाही आभाळातून पडलेला नसावा. नायकीचं जाहीर उद्दिष्ट पाहा: २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत पहिल्या दोन खान्यांत ६५ टक्के कपात, तिसऱ्यात ३०. तुमच्या पार्टीची गिऱ्हाईक कंपनी कोणती ते मी छापत नाही, पण असंच काहीतरी वरच्या मजल्यावर ठरतं आणि मग एकेक पायरी उतरत, वाटेत थोडी अक्कल गमावत, वडगावच्या शेडपर्यंत येतं. वरच्या मजल्यावर ३० टक्के सगळ्या साखळीची बेरीज असते. खाली येईपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर तेच ३० टक्के सारखे वाटून दिलेले असतात. कोळशाचा बॉयलर चालवणाऱ्यालाही ३० आणि बावीस मशीनवालीलाही ३०!

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आदिदासने '२०५० पर्यंत क्लायमेट न्यूट्रल', म्हणजे हवेत जाणाऱ्या कार्बनची निव्वळ बेरीज शून्य, होण्याची जाहिरात केली होती. जर्मनीतल्या एका पर्यावरण संस्थेने दावा लावला आणि मार्च २०२५ मध्ये न्यूरेंबर्ग-फ्युर्टच्या न्यायालयाने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. हे साधायचं कसं, स्वतःचं उत्सर्जन घटवून की बाहेरून कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या कुणी कमी केलेल्या कार्बनचा दाखला, विकत घेऊन, हे ग्राहकाला सांगितलेलं नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे मुलगी जे म्हणते ते कोर्टातही टिकलेलं आहे, तिला सांगा.

पण तिच्या म्हणण्याचा पुढचा भाग, 'काही देऊ नकोस', तो मला पटत नाही. हे फॉर्म यायला लागले तेच मुळी नुसत्या घोषणा चालेनाशा झाल्या म्हणून. युरोपियन युनियनचा २०२४ चा एक कायदा आहे, त्याच्या अंमलाची तारीख २७ सप्टेंबर २०२६. क्रेडिट विकत घेऊन 'हा माल कार्बन न्यूट्रल' असं वस्तूवर छापायला त्यात बंदी आहे. आपल्याकडेही सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केलेला आहे. कंपन्यांना आता खरे आकडे हवेत, आणि खरे आकडे कचेरीत बसून मिळत नाहीत, शेडमध्ये मिळतात. एवढीच तुमची किंमत आहे, पण ती आहे. तुम्ही गप्प बसलात तर ते कुठलातरी सरासरी आकडा तुमच्या नावावर घालतील, आणि त्या सरासरीपेक्षा तुमचं काम चांगलं असेल तर ते कुणाला कळणारही नाही. तुमच्या आकाराच्या जॉबवर्कवाल्याने हा हिशेब द्यायलाच हवा असा कायदा भारतात नाही. त्यामुळे तुम्ही देताय ती माहिती फुकट देऊ नका, तिच्याबरोबर दोन गोष्टी मागून घ्या. त्या काय, ते पुढे येतंच.

आता दिरांचं. भाऊजींना विचारा, अंदाजे म्हणजे किती? आज कमी आकडा टाकलात तर उद्याची कपात त्या खोट्या कमी आकड्यातून करून दाखवावी लागेल, ती कुठून आणणार? जास्त टाकलात आणि कुणी बारा महिन्यांची हेस्कॉमची बिलं मागितली तर? वीजबिल ही एक अशी चीज आहे की ती आपल्या बाजूने किंवा विरुद्ध, जन्मभर साक्ष देते. बारा बिलांची झेरॉक्स काढा, डिझेलच्या पावत्या जोडा, कतरणीचं आठवड्याचं वजन करून लिहून ठेवा. कतरणीला पार्टीचंच कापड असतं आणि कुणीतरी किलोवर ती उचलतंही, तेव्हा वजन तुमच्याकडे असणार. फॉर्ममध्ये मजुरी, भाडं, दुसऱ्या पार्ट्यांची नावं असे रकाने असतील तर ते कोरे सोडा. कार्बनच्या नावाखाली तुमचा खर्च मोजून पुढच्या वेळी पीस रेट पाडायचा, असा प्रकार धंद्यात होऊ शकतो.

राहिली सही, आणि खरी गोम तिथेच आहे.

२०२२ ला नऊ मशीन, आज बावीस. एकूण उत्सर्जन २०२२ पेक्षा ३० टक्क्यांनी कमी करायचं म्हटलं तर सहा-सात मशीनवर यावं लागेल. पंधरा बायकांना घरी पाठवून हवामान वाचवायचं, असा त्या कागदाचा सरळ अर्थ होतो. लिहिणाऱ्याला तो अभिप्रेत नसेल, पण सही कागदावरच्या शब्दांखाली असते.

तुम्ही मागायचं ते 'नगामागे' उद्दिष्ट. आज १९५ ग्रॅम, २०३० पर्यंत अमुक ग्रॅम. इथे तुमची मुलगी मला पकडेल, कारण मोठ्या कंपन्यांची हीच चलाखी आहे. भाकरीमागे तूप कमी केलं म्हणायचं आणि भाकऱ्या दुप्पट खायच्या. नगामागे उत्सर्जन २० टक्क्यांनी उतरलं आणि नग ५० टक्क्यांनी वाढले तर एकूण बेरीज पूर्वीपेक्षा २० टक्क्यांनी वाढलेली असते. हवेला नग कळत नाहीत, तिला बेरीज कळते. मग कंपनीला जे नाकारायचं ते तुम्ही का मागायचं? कारण एकूण किती पँट जगात शिवल्या जाव्यात हे कंपनी ठरवते, तुम्ही नाही. तुमच्याकडे वाढलेलं काम बहुधा दुसऱ्या कुठल्या शेडमधून हललेलं असतं. बेरीज ज्याच्या हातात, बेरजेची जबाबदारी त्याची. तुमच्या हातात नगामागची वीज आहे, तेवढ्याचीच सही द्या.

आणि ती वीज खरंच कमी होऊ शकते. तुमची मशीन सेकंडहँड असतील तर निम्म्यांना तरी जुनी क्लच मोटर असणार. स्विच चालू केला की ती फिरतच राहते, बाई धागा ओवत असो की बाजूच्या बाईशी बोलत असो. सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते. मोटरच्या विजेत निम्म्याहून जास्त फरक पडतो, शिवाय आवाज आणि उष्णता कमी. एका मोटरला काही हजार रुपये लागतात, भाव बाजारात विचारून घ्या. सोलरचं म्हणाल तर छप्पर तुमचं नाही. घरमालक स्वतः बसवायला तयार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर भाड्याच्या पत्र्यावर कर्ज काढून पॅनेल बसवू नका.

मोटरींचे पैसे कोण देणार? हा प्रश्न त्या एक्सेल शीटमध्ये कुठेही नाही, मी पैजेवर सांगतो. पार्टीने पँटमागे एक रुपया वाढवून दिला तर महिन्याला ७,००० आणि वर्षाला ८४,००० होतात. त्यात बऱ्याचशा मोटरी बदलून निघतील. त्या पँटची दुकानातली किंमत तुम्ही लेबलवर पाहिलीच असेल, तेव्हा एक रुपया मागायला लाजू नका. ही पहिली मागणी. दुसरी: पैसे वेळेवर. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या एमएसएमई (लहान उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकतं करायला हवं. नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या. २०३० चं वचन मागणाऱ्याने मार्चचं बिल जूनमध्ये द्यायचं, हे मला तरी चालत नाही.

फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा रकाना बहुधा असतो. तिथे आणखी एक लिहा: आयत्या वेळी डिझाईन बदललं की किती लॉट पुन्हा कापावे लागले, घाईच्या मालासाठी रात्री किती वेळ जनरेटर चालवला. तुमच्या डिझेलचा मोठा भाग त्यांच्या घाईचा असेल. घाई फार झाली की तोच माल पुढे बोटीऐवजी विमानाने जातो आणि त्याचा कार्बन तर कित्येक पटींनी जास्त. हे त्यांच्या लोकांनाही ठाऊक आहे, पण खालून कुणी लिहून दिलेलं नसतं.

मला त्या पत्रात आणखी एक गोष्ट खटकली. हवामानाचं एवढं बोलणं, पण त्याची झळ सोसणाऱ्या बायकांबद्दल एक ओळ नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी, चार इस्त्र्या चालू असताना काय होतं ते तुम्ही जाणता. २०१९ च्या ऑगस्टात पुराने कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा आपल्याकडची ट्रान्सपोर्टं किती दिवस अडकली होती तेही आठवत असेल. असा उशीर झाला तर दंड कुणाला? तुमच्या चलनावर बहुतेक तुम्हालाच. पत्र्यावर उष्णता परतवणारा पांढरा लेप, दोन एक्झॉस्ट पंखे, आणि पूर-पावसात उशीर झाला तर दंड माफ, हे कलम मागून बघा. मिळेलच असं नाही. कागदावर मागणी राहू दे.

बोर्डाचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक नियम काढले. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायला त्यात मज्जाव आहे. तुमच्या शेडमध्ये आज ग्रीन काय आहे? वीज कोळशाची, डिझेल डिझेलच. उद्या कुणी बोट दाखवलं तर फोटोत कंपनीची पाटी दिसणार नाही, तुमची शेड दिसेल. काम करताना साधे फोटो काढायचे तर काढू द्या, पण प्रत्येक बाईला आधी विचारून, आणि नको म्हणणारीवर जबरदस्ती नाही.

काम जाईल का? जाऊ शकतं, खोटा धीर देत नाही. पण बारा बिलांसकट खरा आकडा देणारी शेड पार्टीलाही सहज मिळत नसते. तुमचा फॉर्म तिला वर नेऊन दाखवायचा आहे. तरीही बावीस मशीन एकाच पार्टीवर ठेवणं मला पसंत नाही, कार्बन असो वा नसो. हिवाळ्यात गावोगावच्या क्रिकेट आणि कबड्डी संघांच्या जर्सी, जूनला शाळांचे ट्रॅकसूट, यांतलं पाच मशीनचं काम तरी स्वतःच्या नावाने धरा.

एक्सेल मुलीकडूनच भरून घ्या, तिला तेवढं कळतं आणि तिचा रागही कामी येईल. पत्रातलं '२०२२ च्या तुलनेत एकूण' खोडून तिथे 'बारा महिन्यांच्या बिलांवरून काढलेल्या नगामागच्या आकड्याच्या तुलनेत' असं लिहा, खाली 'यंत्रांच्या खर्चाचा वाटा लेखी ठरल्यावर लागू' ही ओळ घाला, आणि मग तारीख टाकून सही करा. पार्टीला मेल करा, नुसतं व्हॉट्सॲप नको. एक रुपयाचं उत्तर काय आलं ते मला कळवा.